सहा नंबरचा शर्ट



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे संगणकासमोर बसायला घरातून बंदी होती. आता परवानगी मिळाली आहे (दिवसाला एक तास!), तेव्हा म्हटलं मनात कधीची साठलेली एक गोष्ट लिहून टाकावी.

२०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे लंडनला दोन महिने राहून आलो. त्याचं प्रवासवर्णन मी इथे टाकलं नाही, कारण टॉवर ब्रिज आणि मेणाचे पुतळे यांबद्दल आपल्यातल्या निम्म्या ब्लॉगकरांचं लिहून झालंय. लेक राहते पूर्व लंडनमध्ये, ईस्ट हॅमला. तिथून जवळच ग्रीन स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. साड्यांची दुकानं, सोन्याचांदीच्या पेढ्या, मिठाई... आपण परदेशात आहोत हे विसरायला होतं. क्वीन्स मार्केटमध्ये कोथिंबीर घ्यायची आणि चालत घरी यायचं, हा माझा आणि जावयांचा शनिवारचा कार्यक्रम.

ग्रीन स्ट्रीट जिथे बार्किंग रोडला मिळतो त्या कोपऱ्यावर एक मोठा ब्राँझचा पुतळा आहे. पुतळा म्हणजे खरं तर चौघांचा समूह. एका तरुणाला दोघांनी खांद्यावर उचललंय, तिसरा शेजारी उभा आहे आणि वरच्या तरुणाच्या हातात छोटासा चषक आहे. मी पाहताक्षणी ओळखलं. बॉबी मूर! खाली जेफ हर्स्ट आणि रे विल्सन, बाजूला मार्टिन पीटर्स. साल १९६६. इंग्लंडने आजवर जिंकलेला पुरुषांचा एकमेव विश्वचषक.

कोल्हापूरकराला फुटबॉल शिकवावा लागत नाही. आमच्याकडे तालमीत कुस्ती जितकी जुनी, फुटबॉल जवळजवळ तितकाच मुरलेला. १९६६ साली मी शाळकरी पोरगा होतो. टीव्ही नव्हता, पेपरात चार ओळी आल्या होत्या. त्या चार ओळींवर आमच्या पेठेतल्या कट्ट्यावर आठवडाभर चर्चा चालली होती. तो सामना प्रत्यक्ष पाहिला तो म्हातारपणी, जावयांच्या लॅपटॉपवर.

पुतळ्यापाशी एक वृद्ध गृहस्थ उभे होते. गळ्यात मरून-निळा स्कार्फ, म्हणजे वेस्ट हॅम युनायटेडचे. मी पुतळ्याकडे टक लावून पाहतोय म्हटल्यावर ते आपण होऊन बोलायला लागले. माझं इंग्रजी बेताचं (बी.ए. मराठी माध्यमातून, त्यात विषय इतिहास), त्यामुळे जावई दुभाषी. गृहस्थांनी मूरची खूप स्तुती केली आणि शेवटी म्हणाले, "इथून गेला आणि संपला." मी विचारायला लावलं, संपला म्हणजे काय झालं? नंतर त्याने काय केलं? ते जरा थांबले. म्हणाले, "पंचाहत्तरच्या फायनलनंतर तो काय करत होता ते खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. गेला तेव्हा मात्र पहिल्याच दिवशी गेटला स्कार्फ बांधून आलो."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. घरी आल्यावर जमेल तसं वाचलं, जावयांकडून वाचून घेतलं. त्यातून जे कळलं ते मांडतो. चू.भू.द्या.घ्या.

बॉबी मूर जन्मला १२ एप्रिल १९४१ ला, बार्किंगमध्ये, म्हणजे या पुतळ्यापासून हाकेच्या अंतरावर. एकुलता एक मुलगा. शाळकरी वयातच वेस्ट हॅमच्या पोरांमध्ये दाखल झाला. तिथे त्याला गुरू भेटला माल्कम ॲलिसन. ॲलिसन हा वेस्ट हॅमचा सेंटर हाफ, बचावफळीचा कणा. संध्याकाळी पोरांना शिकवायचा. त्याने या मुलाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. चेंडू पायाशी येण्याच्या आधीच मनाला विचारत राहा, आत्ता चेंडू आला तर मी तो कोणाला देणार? मूरने ते आयुष्यभर पाळलं.

पुढे ॲलिसनला क्षय झाला, एक फुप्फुस काढावं लागलं. तरी तो जिद्दीने परत आला आणि सराव करू लागला. ८ सप्टेंबर १९५८ ला मँचेस्टर युनायटेडशी सामना होता. बचावातला एक खेळाडू दुखावलेला. त्याच्या जागी कोण, ॲलिसन की सतरा वर्षांचा मूर? व्यवस्थापकाने एका ज्येष्ठ खेळाडूला विचारलं आणि नाव आलं मूरचं. वेस्ट हॅम ३-२ ने जिंकलं. ॲलिसन त्यानंतर वेस्ट हॅमच्या पहिल्या संघातून कधीच खेळला नाही. मूरने ही आठवण पुढे मोठ्या हळव्या मनाने सांगितली आहे.

मी इतिहासाचा मास्तर असल्यामुळे असेल, पण मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मूरची कारकीर्द सुरू झाली तीच मुळी दुसऱ्या एका बचावपटूच्या शेवटातून, आणि तोही त्याचा गुरू. मैदानावरची जागा कोणाच्या मालकीची नसते, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं असणार.

आता मूरच्या खेळाबद्दल थोडं. तो वेगवान नव्हता. उंच उडून हेडर मारण्यातही फारसा पटाईत नव्हता. बॅकला जे जे लागतं त्यातलं बरंचसं त्याच्याकडे कमीच होतं. पण चेंडू कुठे जाणार हे त्याला आधी कळायचं. तो धावत जाऊन कोणाला गाठायचा नाही, कारण तो आधीच तिथे उभा असायचा. जॉक स्टीन नावाचे मोठे स्कॉटिश प्रशिक्षक होते. ते गमतीने म्हणत की याच्याविरुद्ध कायदाच करायला हवा, इतरांच्या वीस मिनिटं आधी याला सगळं समजतं!

असा माणूस खेळताना फार काही करतोय असं दिसत नाही. कपडे स्वच्छ, केस जागच्या जागी. गोल करणाऱ्याचं काम सगळ्यांना दिसतं. बॅकचं काम दिसतं ते चुकल्यावर. (आमच्या पेशाचंही तसंच आहे. पास झालेल्या पोरांत मास्तर कोणाला दिसत नाही, नापासांत लगेच दिसतो.)

१९६४ साली मूरच्या नेतृत्वाखाली वेस्ट हॅमने एफ.ए. कप जिंकला, १९६५ साली युरोपातला कप विनर्स कप. मधल्या काळात, १९६४ च्या नोव्हेंबरमध्ये, त्याच्यावर अंडकोशाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. वय तेवीस. ही गोष्ट त्याने बाहेर कळू दिली नाही. तीस वर्षं लोकांना पत्ता नव्हता.

आणि १९६६. इथे एक गंमत आहे, जी पुतळ्यापाशी उभं राहून कोणी सांगत नाही. विश्वचषक तोंडावर असताना मूरला वेस्ट हॅम सोडायचं होतं! टॉटनहॅमला जायचं त्याच्या मनात होतं. क्लबशी करार ३० जूनला संपला. करार नसलेल्या खेळाडूला विश्वचषकात खेळता येत नव्हतं. शेवटी घाईघाईने एका महिन्याचा करार करून त्याला मोकळं केलं. म्हणजे ज्या जुलैत तो वेस्ट हॅमचा अमर नायक झाला, त्या जुलैत तो तिथे एक महिन्याच्या करारावर होता. निष्ठा वगैरे शब्द आपण किती सहज वापरतो!

३० जुलैचा अंतिम सामना. पश्चिम जर्मनी एका गोलने पुढे. मूरला पाडलं, त्याने उठता उठता झटकन फ्री किक घेतली, हर्स्टने डोक्याने गोल केला. बरोबरी. जादा वेळात इंग्लंड ३-२ ने पुढे, शेवटची काही सेकंदं उरलेली, चेंडू मूरच्या पायाशी आणि तोही स्वतःच्या गोलजवळ. शेजारी जॅक चार्ल्टन ओरडतोय, मार कुठेही बाहेर! मूरने मान वर केली, पाहिलं आणि लांबवर हर्स्टला पास दिला. ४-२. मग चषक घ्यायला पायऱ्या चढताना त्याच्या लक्षात आलं की राणीच्या हातात पांढरे मोजे आहेत आणि आपले हात चिखलाने माखलेत. त्याने हात नीट पुसले, मग हस्तांदोलन केलं. हा प्रसंग चित्रफितीत दिसतो. मी तो चार वेळा पाहिला. वय पंचवीस. पुतळा आहे तो याच क्षणाचा.

१९७० च्या विश्वचषकातही तो तेवढाच थोर खेळला. ब्राझीलशी इंग्लंड ०-१ ने हरलं, पण सामन्यानंतर पेले आणि मूर शर्टांची अदलाबदल करताहेत हे छायाचित्र जगभर गाजलं. त्याआधी बोगोटाला त्याच्यावर ब्रेसलेट चोरल्याचा खोटा आळ येऊन त्याला तिथे अडकवून ठेवलं होतं. त्यातून सुटून आला आणि असा खेळला.

इथवरची गोष्ट सगळ्यांना येते. इथून पुढे उतार.

१९७१ च्या जानेवारीत ब्लॅकपूलशी कपचा सामना. आदल्या रात्री मूर, जिमी ग्रीव्ह्ज आणि आणखी दोघे नाइटक्लबात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी वेस्ट हॅम ४-० ने हरलं. पेपरात बोभाटा झाला, दंड झाला, संघाबाहेर बसवलं. चूक त्याचीच होती, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मग ६ जून १९७३, पोलंडमधलं होजूफ. विश्वचषकाचा पात्रता सामना. मूर चेंडू घेऊन उभा असताना लुबान्स्कीने तो त्याच्या पायातून काढून घेतला आणि गोल केला. ज्या माणसाला वीस मिनिटं आधी सगळं दिसायचं, त्याला हातभर अंतरावरचा माणूस दिसला नाही. इंग्लंड ०-२ ने हरलं. १७ ऑक्टोबरला वेम्बलीवर परतीचा सामना, जिंकणं भाग होतं. मूरला वगळलं. तो राखीव खेळाडूंत बाकावर बसला. त्याच्या जागी नॉर्मन हंटर. आणि दैव पाहा, त्या सामन्यात चेंडू गमावून पोलंडला गोल दिला तो हंटरनेच. १-१ अशी बरोबरी झाली आणि इंग्लंडचा विश्वचषक हुकला. मूर बाकावरून पाहत होता. त्या वेळी त्याच्या मनात काय आलं असेल? मला वाटतं, त्याला होजूफच आठवलं असेल, आणि हंटरबद्दल वाईट वाटलं असेल. (हे माझं वैयक्तिक मत. पुरावा काही नाही!)

१४ नोव्हेंबरला इटलीविरुद्ध तो इंग्लंडसाठी शेवटचा खेळला. १०८ वा सामना. त्यांतल्या ९० सामन्यांत तो कर्णधार होता. १९७४ च्या जानेवारीत हिअरफर्डसारख्या छोट्या संघाविरुद्ध दुखापत झाली आणि वेस्ट हॅमसाठीही तेवढंच. सहाशेहून अधिक सामने खेळलेल्या माणसाला मार्चमध्ये क्लबाने दुसऱ्या श्रेणीतल्या फुलहॅमला विकलं. किंमत २५,००० पौंड. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता.

"गेला आणि संपला" हे वाक्य मी इथे तपासून पाहिलं, तर ते लगेच लागू पडत नाही. कारण पुढच्याच वर्षी, ३ मे १९७५ ला, एफ.ए. कपचा अंतिम सामना होता वेस्ट हॅम विरुद्ध फुलहॅम! चौतिसाव्या वर्षी, दुसऱ्या श्रेणीतल्या संघाला घेऊन मूर वेम्बलीला पोचला आणि समोर आपलंच घर. वेस्ट हॅम २-० ने जिंकलं. जन्मभर ज्यांच्यासाठी खेळला त्यांचा आनंद तो समोरच्या बाजूने पाहत होता. वेम्बलीवरचा खेळाडू म्हणून तो त्याचा शेवटचा सामना.

त्यानंतरची यादी मी झरझर सांगतो. अमेरिकेत सॅन अँटोनिओ, नंतर सिएटल. मध्येच डेन्मार्कमधल्या हर्निंगसाठी काही सामने. १९८१ चा 'एस्केप टू व्हिक्टरी' हा सिनेमा काहींना आठवत असेल. स्टॅलोन आणि पेलेबरोबर त्यात मूरही आहे. पण प्रशिक्षकाचं काम? वॉटफर्ड क्लबात त्याचं जवळजवळ ठरलं होतं, पण मालक एल्टन जॉन (हो, तेच गायक) यांनी ऐनवेळी दुसऱ्याला घेतलं. शेवटी विश्वविजेत्या कर्णधाराला काम मिळालं ते ऑक्सफर्ड सिटीत, व्यावसायिक लीगच्याही बाहेरच्या एका छोट्या क्लबात. १९७९ ते ८१. मदतनीस होता जुना साथीदार हॅरी रेडनॅप. तिथेही संघ खालीच घसरला. १९८४ ते ८६ साउथएंडला, चौथ्या श्रेणीत. एका कंट्री क्लबात पैसे घातले, ते बुडाले. पहिला संसार मोडला. मग 'संडे स्पोर्ट' नावाच्या साप्ताहिकाचा क्रीडा संपादक. ते साप्ताहिक कशासाठी प्रसिद्ध होतं ते आमच्या वाचकवर्गात लिहिता येणार नाही. चंद्रावर विमान सापडलं अशा बातम्या छापायचे, एवढं सांगतो.

रेडनॅपने सांगितलेली एक आठवण इंग्रजी लिखाणात वारंवार येते. मूर एकदा वेस्ट हॅमच्या मैदानावर सामना पाहायला बसला होता आणि तिकीट नाही म्हणून त्याला तिथून उठवलं, अशी. नेमकं कसं घडलं ते मी काय सांगणार? पण चाहते आज ही गोष्ट मान खाली घालून सांगतात, हे खरं.

असं का झालं असावं? लोकांची दोन मतं आहेत. एक, इंग्लिश फुटबॉल कृतघ्न. ज्याने विश्वचषक आणला त्याला साधं काम दिलं नाही. दुसरं, मूरच कमी पडला. तो मितभाषी, भिडस्त. प्रशिक्षकाला ओरडावं लागतं, ते त्याच्या स्वभावात नव्हतं. मला दोन्हींत तथ्य वाटतं. त्याची जी मुख्य विद्या होती, आधी दिसण्याची, ती शिकवता येते का? चाळीस वर्षांच्या... क्षमस्व, छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिलंय, की ज्याला गणित चटकन दिसतं तो गणित शिकवायला बहुधा वाईट. त्याला कळतच नाही की समोरच्याला काय कळत नाहीये. चौथ्या श्रेणीतल्या पोरांना मूर काय सांगणार होता? "अरे, दिसत नाही का तुला?" एवढंच ना!

आणि तरीही मला ते सगळं नुसती घसरण वाटेना. ऑक्सफर्डच्या चिखलात शे-दोनशे प्रेक्षकांसमोर संघ उभा करणारा माणूस, चौथ्या श्रेणीच्या कार्यालयात हिशोब लावत बसणारा माणूस, १९९० नंतर कॅपिटल गोल्ड रेडिओवर शांत आवाजात समालोचन करणारा माणूस, तोही बॉबी मूरच होता. डिसेंबर १९९१ मध्ये त्याने दुसरं लग्न केलं. रेडिओतले सहकारी त्याच्यावर जीव टाकायचे. ही काही उद्ध्वस्त माणसाची लक्षणं नव्हेत. फक्त ही माणसं त्याला बघत होती आणि स्टेडियमभर लोक बघत नव्हते.

१९९१ मध्येच त्याला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाल्याचं निदान झालं होतं. पुन्हा तेच, कोणाला सांगितलं नाही. १४ फेब्रुवारी १९९३ ला जाहीर केलं. १७ तारखेला वेम्बलीवर जाऊन इंग्लंड-सान मारिनो सामन्याचं समालोचन केलं. २४ तारखेला गेला. वय ५१.

मग मात्र बांध फुटला. वेस्ट हॅमच्या अप्टन पार्क मैदानाची फाटकं फुलांनी, शर्टांनी, स्कार्फनी झाकून गेली. ६ मार्चच्या सामन्यात वेस्ट हॅमतर्फे सहा नंबरचा शर्ट कोणी घातला नाही. वेस्टमिन्स्टर ॲबेत स्मरणसभा झाली. तिथे हा मान मिळालेला तो दुसराच खेळाडू. पहिला कोण? वेस्ट इंडिजचे फ्रँक वॉरेल, ज्यांनी १९६२ साली बार्बाडोसला आपल्या नरी कॉन्ट्रॅक्टरसाठी रक्त दिलं ते! (हे वाचून मला एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.) १९९४ साली अप्टन पार्कवर बॉबी मूर स्टँड उभा राहिला. २००३ ला ग्रीन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचा पुतळा, २००७ ला नव्या वेम्बलीसमोरचा भव्य पुतळा, आणि २००८ ला वेस्ट हॅमने सहा नंबरचा शर्ट कायमचा निवृत्त केला.

आता ते मैदानही राहिलेलं नाही. १० मे २०१६ ला अप्टन पार्कवरचा शेवटचा सामना झाला. प्रतिस्पर्धी मँचेस्टर युनायटेड, निकाल वेस्ट हॅम ३, युनायटेड २. मूरच्या पहिल्या सामन्याचाच प्रतिस्पर्धी आणि तोच निकाल! मी गेलो तेव्हा त्या जागी उंच इमारतींचं बांधकाम चाललं होतं. क्लब स्ट्रॅटफर्डच्या नव्या मैदानावर गेलाय. क्लबाने घर सोडलं तर तो संपला असं कोणी म्हणत नाही, खेळाडूने सोडलं तर म्हणतात.

मार्च १९७४ ते फेब्रुवारी १९९३. एकोणीस वर्षं. माणसाच्या एक्कावन्न वर्षांतली एकोणीस वर्षं दोन शब्दांत गुंडाळली, "गेला, संपला". आमची इतिहासाची पाठ्यपुस्तकंही हेच करायची. मोठा पराक्रम, त्याखाली तहाची कलमं, आणि मग "पुढे अमुक साली त्यांचे निधन झाले." मधली वर्षं परीक्षेला नसायची. मीही कधी शिकवली नाहीत. एखाद्या पोराने विचारलं असतं, की सर, मधे ते काय करत होते? तर मी म्हटलं असतं, खाली बस.

हे सगळं इतकं लागलं त्याचं कारण आता सांगतो. सांगायचं की नाही हे दोन दिवस ठरत नव्हतं.

सत्तरच्या दशकात आमच्या पेठेच्या संघात एक बॅक होता. नाव लिहीत नाही, त्याची मुलं-नातवंडं गावात आहेत. शाहू स्टेडियमवर आम्ही त्याच्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडायचो. त्याला मुंबईच्या एका कंपनीने नोकरी देऊन नेलं. तीन-चार वर्षांनी गुडघा घेऊन परत आला. आमच्या संघाने परत घेतलं नाही, तेव्हा दुसऱ्या तालमीकडून खेळायला लागला. आमच्याविरुद्धच्या सामन्यात त्याच्यावरून एक पोरगं सहज चेंडू काढून गेलं आणि गोल झाला. आम्ही गॅलरीतून "फितूर, फितूर" म्हणून ओरडलो. मी नव्यानेच शिक्षक झालो होतो, शर्ट-पॅंट इस्त्रीची, आणि मीही ओरडलो. त्याने एकदा वर पाहिलं. बस्स.

पुढे त्याने सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं, माझ्या शाळेच्या रस्त्यावरच. वीसएक वर्षं माझी सायकल त्याच्याकडेच असायची. "मास्तर, चाक सोडा हितं, चार वाजता न्या," एवढंच बोलणं. एकदाही मी त्याला म्हटलं नाही, की अमुक सामन्यात तू गोललाइनवरून चेंडू काढलास तो अजून डोळ्यांसमोर आहे. खरोखर आहे. अजूनही आहे. म्हणायला काय लागत होतं? पण तो बॅक आणि हा पंक्चरवाला ही एकच व्यक्ती आहे, हे मी मनात कधी जुळूच दिलं नाही.

तो गेला तेव्हा चौकात मोठा फलक लागला. तरुणपणचा फोटो, पायाशी चेंडू. वर्गणी गोळा करायला पोरं आली, त्यांना मी पाचशे रुपये दिले आणि त्याच्या खेळावर दहा मिनिटं बोललो. पोरं ऐकत राहिली. एक जण म्हणाला, "सर, हे त्यांना सांगायला पाहिजे होतं."

ग्रीन स्ट्रीटवरचे ते म्हातारे गृहस्थ आणि मी, आमच्यात फरक एवढाच की त्यांनी स्कार्फ बांधला आणि मी पाचशे रुपये दिले.

परतीच्या आदल्या दिवशी मी पुन्हा त्या कोपऱ्यावर गेलो होतो. कोथिंबिरीची जुडी हातात, वर ब्राँझचा पंचविशीचा मूर. मनात आलं, एक पुतळा ऑक्सफर्डच्या मैदानाच्या कडेला हवा होता. चाळिशीकडे झुकलेला, हातात शिटी, पावसात भिजलेला, संघ हरतोय आणि तरी उभा आहे. असा पुतळा कोणी करत नाही. करायला पैसेही कोणी देणार नाही.

असो. फार लांबलं. आमच्या कोल्हापूरकर मंडळींपैकी ज्यांना तो बॅक कोण हे ओळखता येईल, त्यांनी कृपया प्रतिक्रियेत नाव लिहू नये. त्याऐवजी आपल्या पेठेतला एखादा जुना खेळाडू अजून असेल तर संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन यावं. मी या रविवारी एकाकडे जाणार आहे. तो गोलकीपर होता, आता ऐकू कमी येतं म्हणे. मोठ्याने बोलेन.